पेशकारकाकांचा इजलास

पेशकारकाकांच्या ओट्यावर सिनेमाविषयी तोंड उघडायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. प्रश्न विचारताना ते हातातली इडलीची बशी खाली ठेवत, समोरच्याकडे हनुवटी उचलत आणि म्हणत, "चश्मदीद, की सुनी-सुनाई?" म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलास, की कुणाचं ऐकून बोलतोस? पाहिलं असेल तर बोलायचं, हवं तितकं बोलायचं. ऐकीव असेल तर बशी घेऊन मागं सरकायचं आणि गप्प बसायचं. या नियमाला अपवाद नव्हता. खुद्द त्यांचे मेहुणे एकदा औरंगाबादहून आले होते आणि न पाहिलेल्या सिनेमातल्या मारामारीचं वर्णन करू लागले, तेव्हा त्यांनाही काकांनी हात धरून मागच्या सतरंजीवर नेऊन बसवलं होतं.

त्यांचं खरं नाव भास्करराव कंधारकर. नोकरीभर ते कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशांच्या समोर खालच्या टेबलाशी बसून खटल्यांचे कागद पुढं करणारे आणि तारखा देणारे. शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, घरची भाषा मराठी, दूधवाल्याशी तेलुगू, आणि राग आला की दख्खनी. निवृत्त झाले तरी कोर्ट त्यांच्या अंगातून निघालं नव्हतं. "जज्जाला निकाल ठाऊक असतो गे, खरं-खोटं पेशकाराला," असं ते मला सांगत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भांडी कमी आणि सिनेमाची मासिकं जास्त. कॉमिक्सचे गठ्ठे तर त्यांनी कोर्टातल्या मिसलींसारखे लाल फडक्यात बांधून ठेवले होते आणि प्रत्येकावर उर्दूत चिठ्ठी डकवली होती.

आम्ही त्यांचे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. मी तेव्हा कोठीच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. ते दिवस केबलचे होते. वर्ष-दीड वर्षात आमच्या गल्लीच्या गच्च्यांवरून, चिंचेच्या फांद्यांतून, देवळाच्या कळसाला वळसा घालून काळ्या वायरी गेल्या, आणि जिथं रात्री बातम्या संपल्या की पडदा काळा होत असे तिथं मध्यरात्रीपर्यंत सिनेमे दिसू लागले. शनिवारी रात्री अकराला एका चॅनलवर परदेशी सिनेमा हिंदीत बोलत असे. काकांनी केबल सगळ्यांत आधी घेतली. माझ्या वडिलांनी घेतली नाही. वडील शाळामास्तर. "रात्री अकराला सुरू होणारी गोष्ट सभ्य नसते," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला होता.

शनिवारच्या सिनेमाचा निवाडा रविवारी सकाळी ओट्यावर होई. त्या बैठकीला काका इजलास म्हणत, म्हणजे भरलेलं कोर्ट. कोपऱ्यावर हातगाडी लावणाऱ्या बंडीवाल्याकडून इडल्या येत. येणारे बदलत, पण दोघं कायमचे. एक राममूर्ती, ज्यांना आम्ही मूर्तीगारू म्हणायचो. रेल्वेत कारकून, स्वभावानं गरीब, आणि कॉमिक्सचे वेडे. दर रविवारी पहाटे कोठीच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं उलथीपालथी करून ते दोन-चार अंक बगलेत मारून येत. दुसरा दिगंबर, उदगीरचा, बँकेत कॅशियर, चिक्कडपल्लीला राहायचा. त्याला सिनेमाचं सगळ्यांत जास्त कळायचं आणि तो सगळ्यांत जास्त थापा मारायचा. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ पाहिल्याची बढाई मारताना एकदा काकांनी त्याला पकडलं होतं. "इंटरवल कोणत्या सीनवर झाला, बोल," असं विचारल्यावर तो पंख्याकडे बघत बसला. ओट्यावर पंखा नव्हता. तेव्हापासून त्याच्या साक्षीवर कुणी चटकन विश्वास ठेवत नसे.

माझी जागा मागच्या सतरंजीवर. घरी केबल नाही म्हणजे मी कायमची सुनी-सुनाई. बोलायला बंदी. फक्त कॉमिक्सवर वाद निघाला की मला पुढं येता येई, कारण कॉमिक्स हा काकांच्या मते दस्तावेज होता, आणि दस्तावेज कुणीही उघडून दाखवू शकतो. एरवी मी इडल्या वाढायची. मला याचा राग यायचा. कारण शनिवारचा प्रत्येक सिनेमा मला पाठ असायचा.

ते असं. माझी खाट काकांच्या टीव्हीच्या बरोबर वर होती. मधे जुन्या लाकडी तुळयांचं छत, त्यातून खाकरणंसुद्धा ऐकू यायचं. वडील घोरू लागले की मी कान लावून पूर्ण सिनेमा ऐकायची. दारं, पावलं, रडणं, गाड्या. जे ऐकू येत नसे ते मी मनात रचायची; नायिकेला साडी नेसवायची, घराला जिना लावायची. रविवारी काकांचं बोलणं ऐकताना माझं किती जुळलं ते गुपचूप ताडून पाहायची. माझं बरंच चुके. नायिका साडीत नसे, घराला जिना नसे.

एका संक्रांतीनंतर काकांनी इजलासात दोन नवे नियम आणले. पहिला असा की येणाऱ्यानं पायरीवरच स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि राहण्याचं ठिकाण मोठ्यानं सांगायचं, साक्षीदारानं पिंजऱ्यात सांगावं तसं. दुसरा असा की कॉमिक्स नुसतं दाखवून चालणार नाही, सर्वांसमक्ष वाचून दाखवायचं. लोकांना मजा वाटली. मूर्तीगारू पायरीवर छाती काढून उभे राहत आणि "राममूर्ती, वल्द वेंकटय्या, साकिन नल्लकुंटा!" असं पुकारत. मग अंक उघडून ते प्रत्येक चौकट सरळ सुरात वाचत, तोफेचा आवाजसुद्धा. "धडाम. धडाम. पुढच्या चौकटीत पुन्हा धडाम." काका डोळे मिटून मान हलवत. याच सुमाराला त्यांच्या टीव्हीचा आवाज वाढला. वडील म्हणाले, "कंधारकरांचे कान गेले." मला बरंच झालं. आता कुजबुजसुद्धा ऐकू यायची.

त्या शनिवारचा सिनेमा दोन भावांचा होता. एक पोलिसात, एक फरार. शेवटी फरार भाऊ आईच्या रिकाम्या घरात लपतो आणि पोलिस भाऊ एकटाच त्याला शोधायला येतो. शेवटची पाच मिनिटं कुणी बोलतच नाही. पावलं वाजतात. दार करकरतं. मग एक गोळी. काहीतरी काचेचं फुटतं. वारा येतो, आणि हळू सुरात वाद्यं. मी खाटेवर उठून बसले होते. मला स्पष्ट दिसलं: धाकट्याला गोळी लागली, तो मागच्या खिडकीवर कोसळला, काच फोडून खाली गेला.

सकाळी काका तेच बोलले. "गोळी लागली, खिडकी फोडून खाली पडला. भावानं भावाला मारलं. खतम." मी मागं बसून खूश झाले. प्रथमच माझं सगळं जुळलं होतं.

दिगंबर म्हणाला, "मेला कुठं काका? त्यानं आरशावर गोळी मारली."

"कोणता आरसा?"

"भिंतीवरचा मोठा आरसा. दोघं आरशात एकमेकांकडं बघतेत. मोठा गोळी मारतो, आरसा फुटतो, आणि धाकटा समोरच्या दारानं निघून जातो. तो त्याला जाऊ देतो ना! तीच तर गंमत आहे."

"मूर्तीगारू?" काकांनी विचारलं.

"मेरेकू तो आधे में नींद लग गई, काका. इंटरवल के बाद मैं गवाह नहीं."

एकास एक साक्ष उरली. एकीकडे पेशकार, दुसरीकडे पंख्याकडं बघणारा माणूस. काकांनी निकाल दिला तो आवाज न चढवता. खोटी साक्ष, तीन रविवार तोंड बंद. दिगंबर हसला नाही. "मी या वेळी खरं बोललालो, काका," एवढं म्हणून त्यानं चप्पल घातली आणि गेला. त्याची इडली तशीच राहिली.

सोमवारी कॉलेजात माझ्या वर्गातली पद्मजा भेटली. तिच्या घरी केबल होती आणि आई-वडील तिला काही म्हणत नसत. मी सहज शनिवारच्या सिनेमाच्या शेवटाबद्दल विचारलं. ती म्हणाली, आरसा. मी म्हटलं, खिडकी? ती म्हणाली, "किटिकी कुठली गं? त्या खोलीला खिडकीच नव्हती."

बसमध्ये परत येताना मला ते उमगलं. खिडकी माझी होती. अंधारात, खालच्या आवाजाला कान लावून मी ती रचली होती, कारण काच फुटल्याचा आवाज आला आणि आरसा ऐकू येत नाही. मग टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला ती कशी दिसली?

मी तडक काकांकडं गेले. काका आरामखुर्चीत बसले होते. मी पायरीवर उभी राहिले आणि मुद्दाम नाव सांगितलं नाही. त्यांनी हनुवटी थोडी वळवली, वास घेतल्यासारखी.

"कोण हाय?"

"मी, विजू."

"मग नाव सांगावं की नाही? कायदा हाय."

"काका, खिडकी नव्हती. पद्मजानं पाहिलंय. आरसाच होता."

"अस्सं." मग पेशकारासारखा नेमका प्रश्न आला. "हे पद्मजाचं झालं. तुला खिडकी कशी खटकली?"

"मला पण खिडकीच वाटली होती. वरून."

त्यांना समजलं. चेहऱ्यावर काही हललं नाही, पण खुर्चीच्या हातावरची बोटं थांबली.

"दर शनिवारी ऐकतेस?"

"हौ."

"कधीपासून?"

"केबल आली तेव्हापासून."

"मी संक्रांतीपासून," काका म्हणाले.

काचबिंदू होता. कोठीच्या डॉक्टरनं थेंब दिले होते आणि गेलेलं परत येणार नाही असं साफ सांगितलं होतं. कडेकडेनं उजेड कळायचा, माणूस आल्याचं कळायचं, कोण ते कळायचं नाही. मी विचारलं, सांगितलं का नाही? त्यांना राग आला. "काय सांगू? हैदराबादचा पेशकार सुनी-सुनाईवर निकाल देऊ लागला म्हणून सांगू? माझ्याच सतरंजीवर मागं जाऊन बसू?" मग आवाज उतरला. "नोकरीत एका माणसाला खोटा म्हटलं नाही मी. म्हणायचे ते जज्ज. आणि घरच्या ओट्यावर म्हटलं, तेपण खरं बोलणाऱ्याला."

मी काही सांत्वन केलं नाही. मला तेव्हा वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. इतके दिवस ज्या सतरंजीवर मी होते तिथं आणखी कुणीतरी होतं.

त्यांनी मला दिगंबरकडं पाठवलं. "समन्स म्हणावं. नाही आला तर वॉरंट." चिक्कडपल्लीला दिगंबर दारात बनियनवर उभा होता. म्हणाला, "मी येत नसतो. सांग जा." मी म्हटलं, "काकांना दिसत नाही." एवढंच. तो आत जाऊन शर्ट घालून आला आणि मग त्याच्या लक्षात आलं की रविवारला अजून सहा दिवस आहेत.

रविवारी काका स्वतः पायरीवर उभे राहिले. "भास्कर, वल्द नरहरराव, साकिन नल्लकुंटा," असं म्हणाले. मूर्तीगारूंना वाटलं गंमत आहे, ते टाळी वाजवणार होते. काकांनी माझ्या दिशेला हनुवटी उचलली. "विजू, विचार."

त्या ओट्यावर मला सिनेमाबद्दल बोलायची मुभा मिळाली ती ही. मी विचारलं, "चश्मदीद, की सुनी-सुनाई?"

"सुनी-सुनाई," काका म्हणाले. "आरसा होता. दिगंबर खरा होता. निकाल रद्द."

दिगंबर म्हणाला, "काका, मागचा रविवारभर बायकोनं माझ्याकडून सगळी मेथी निवडून घेतली. त्याची भरपाई कोण देणार?" मग लोक हसले, आणि मूर्तीगारूंनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. काका खुर्चीकडे न जाता काठीनं चाचपत मागच्या सतरंजीवर गेले. मूर्तीगारूंनी त्यांना दंडाला धरून परत खुर्चीत बसवलं. तिथं बसून त्यांनी शेवटचा कायदा केला. ऐकीव माणसानंही बोलावं, फक्त बोलायच्या आधी ऐकीव आहे असं सांगावं. "ऐकणं गुन्हा नाही. ऐकलेलं पाहिलं म्हणणं गुन्हा आहे." हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा स्वतःसाठी असावं.

मग ते वर येऊन माझ्या वडिलांना भेटले. "मास्तर, शनिवारी मुलीला खाली पाठवा. गवाह पाहिजे." वडिलांना घरमालकाला नाही म्हणता आलं नाही. आई सोबत येऊन भिंतीला टेकून झोपायची.

काम सोपं नव्हतं. "ते बोलतात तिथं तू गप्प. ते गप्प तिथं तू बोल," असा काकांचा हुकूम. पडद्यावर बोलणं थांबलं की ते काठी फरशीवर दोनदा ठोकत. म्हणजे, सांग. पहिल्या शनिवारी मी म्हणाले, "तिला फार दुःख झालंय." काका चिडले. "हे तुला कुणी सांगितलं? ती बोलली का? दिसतं ते सांग." मी पुन्हा पाहिलं. "ती चप्पल घालते. परत काढते. दाराशी ठेवते." काका म्हणाले, "हां. आता समजलं किती दुःख झालं ते." पुढं दोन वर्षं मी हेच केलं. माणसाबद्दल सांगताना आधी हात-पाय सांगायचे आणि मन शेवटी, जमलं तर. ही सवय मला तिथं लागली, ती अजून सुटलेली नाही.

ज्या शनिवारी ते गेले त्या शनिवारी मी खाली नव्हते. मला पाहायला लातूरचे पाहुणे आले होते आणि गाडी चुकल्यानं मुक्कामाला राहिले. मी काकांना संध्याकाळी तसं सांगून आले. "जा, तुझा पण इजलास हाय आज," ते म्हणाले. रात्री पाहुण्यांपैकी दोन बायका माझ्या खोलीत झोपल्या. अकराला खाली सिनेमा सुरू झाला. मी पूर्वीसारखी कान लावून पडून राहिले. मधे एकदा पडद्यावरची माणसं गप्प झाली. खालून काठी दोनदा वाजली. खुर्चीशेजारी कुणी नाही हे ते विसरले होते, की मी वर जागी आहे हे त्यांना ठाऊक होतं, ते मला सांगता येत नाही. थोड्या वेळानं काठी परत वाजली. मला उठून जाता आलं असतं. पाहुणे काय म्हणतील म्हणून मी गेले नाही. याचं दुःख मला आहे. ते स्थळ जमलं नाही, हेही ओघानं सांगते.

मग माणसं बोलू लागली. पुढं आणखी एक जागा आली जिथं कुणी बोलत नव्हतं. ती खूप लांबली. मी काठीची वाट पाहिली. काठी वाजली नाही. मला वाटलं, रागावले. त्यानंतर आमच्या घड्याळाचे बारा टोले पडले आणि माझा डोळा लागला. सकाळी टीव्ही चालूच होता. वडील खाली गेले. काका खुर्चीत होते, काठी खाली पडली नव्हती, मांडीवर आडवी होती.

दहाव्या दिवसाच्या आधी त्यांचा पुतण्या गुरुजींना घेऊन ओट्यावर बसला. गुरुजींनी पंचांग उघडलं. त्या रात्री बाराला तिथी बदलत होती. आधी प्राण गेला असेल तर दशमी, नंतर गेला असेल तर एकादशी. वर्षश्राद्ध कोणत्या तिथीला करायचं, ते ठरवायचं होतं. "वेळ कुणी पाहिली?" गुरुजींनी विचारलं. पुतण्या नांदेडला होता. मूर्तीगारूंनी मान खाली घातली. माझे वडील म्हणाले, आम्ही सकाळी पाहिलं.

मी मागच्या सतरंजीवर होते. तिथून सांगितलं. पहिल्या शांततेत काठी वाजली. दुसऱ्या शांततेत वाजली नाही. बाराचे टोले त्यानंतर पडले.

दिगंबर पायरीवर बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. ओट्याच्या फरशीकडं पाहत हळूच विचारलं, "चश्मदीद, की सुनी-सुनाई?"

"सुनी-सुनाई," मी म्हणाले.

गुरुजी गोंधळले. "म्हणजे? हे धरायचं का?"

"धरो, गुरुजी," मूर्तीगारू म्हणाले. "काका खुद कानून बदल के गए."

गुरुजींनी कागदावर दशमी लिहिली. काकांचं श्राद्ध अजून दशमीलाच होतं.